मँडरिन माशासाठी जिवंत अन्नाची साखळी

मँडरिन हा प्रवाळटाकीतला सर्वांत देखणा मासा मानला जातो आणि सर्वांत जास्त उपासमार त्याच्याच वाट्याला येते. पाणी स्वच्छ असते, क्षारता बरोबर असते, प्रवाळ फुललेले असतात, तरीही मासा काही आठवड्यांत खंगत जातो. कारण एकच असते. त्याला लागणारे अन्न टाकीत जितक्या वेगाने तयार होते, त्याहून जास्त वेगाने ते संपते. म्हणून मँडरिन पाळणे म्हणजे आधी त्याचे भक्ष्य पाळणे आणि त्याही आधी त्या भक्ष्याचे खाद्य वाढवणे. ही साखळी खालून वर बांधत आणावी लागते. मासा तिच्यात सर्वांत शेवटी येतो.

माशाची ओळख

सिन्किरोपस स्प्लेंडिडस हे मँडरिनचे शास्त्रीय नाव. अल्बर्ट हेरे या अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये फिलिपिन्समधील माशांवरून त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. जपानच्या र्‍युक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या पश्चिम प्रशांत महासागरात हा मासा आढळतो. किनाऱ्यालगतची शांत खाजणे आणि आडोशाचे प्रवाळखडक ही त्याची राहण्याची जागा. साधारण १८ मीटरपेक्षा खोल पाण्यात तो सहसा उतरत नाही. पूर्ण वाढलेला मासा ६ ते ७ सेंटिमीटरचा असतो. नराच्या पाठीवरच्या पहिल्या पराचा काटा लांब असतो, त्यावरून नर-मादी ओळखता येतात.

त्याचा निळा रंग जीवशास्त्रज्ञांनाही महत्त्वाचा वाटतो. बहुतेक माशांच्या अंगावरचा निळा हा पेशींतील स्फटिकांच्या थरांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचा परिणाम असतो. मँडरिनच्या कातडीत मात्र खरे निळे रंगद्रव्य असलेल्या पेशी आहेत. जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये हे दाखवून दिले. या माशाला खवले नसतात. त्याऐवजी अंगावर दाट, उग्र चवीच्या चिकट द्रवाचा थर असतो, त्यामुळे मोठे मासे त्याच्या वाटेला जात नाहीत.

खाण्याची रीत

मँडरिन पोहण्यापेक्षा खडकावर सरपटल्यासारखा फिरतो. पोटाकडचे रुंद पर टेकवत तो थोडा पुढे सरकतो, थांबतो, डोळे फिरवून समोरची दोन-तीन सेंटिमीटर जागा न्याहाळतो. काही हलताना दिसले की तोंड पुढे काढून ते झटक्यात ओढून घेतो. लगेच पुढच्या फटीकडे वळतो. दिवसभर हेच चालते. मोठा घास घेऊन तासन्‌तास पचवत बसणाऱ्या माशांपैकी तो नाही. लहान लहान घास सतत मिळत राहणे ही त्याच्या शरीराची गरज आहे.

निसर्गातल्या मँडरिनच्या पोटांतील अन्नाच्या तपासणीत हार्पॅक्टिकॉइड गटातले कोपेपॉड, लहान अँफिपॉड, ऑस्ट्राकॉड, बारीक समुद्री किडे, छोट्या गोगलगाई आणि माशांची अंडी सापडली आहेत. हे बहुतेक जीव खडकाच्या किंवा वाळूच्या पृष्ठभागाला धरून राहणारे आहेत. टाकीत अन्न वरून टाकले की इतर मासे पाण्यातच ते फस्त करतात. मँडरिन तळाशी आपल्या गतीने शोधत असतो आणि त्याच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून त्याचे अन्न खडकातच राहणारे आणि तिथेच वाढणारे असावे लागते.

कोपेपॉड

कोपेपॉड हे कोळंबी-खेकड्यांच्या कुळातले सूक्ष्म जीव. बहुतेकांची लांबी एक मिलिमीटरच्या आसपास असते. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिलाला नॉप्लियस म्हणतात. नॉप्लियसच्या सहा अवस्था, त्यानंतर कोपेपोडाइटच्या पाच अवस्था आणि मग प्रौढ जीव, असा त्यांचा जीवनक्रम असतो. प्रत्येक अवस्थेनंतर तो कात टाकतो. टाकीच्या काचेवर रात्री टॉर्चचा उजेड तिरपा पाडला, तर झटक्याझटक्याने पळणारे पांढरे ठिपके दिसतात. भिंगातून पाहिले तर काही ठिपक्यांच्या शेपटीजवळ अंड्यांची पिशवी लोंबताना दिसते. अशा माद्या भरपूर दिसणे हे टाकीतली पैदास नीट चालू असल्याचे सर्वांत भरवशाचे लक्षण होय.

हौशी मत्स्यपालकांत तीन प्रकार जास्त वापरले जातात. टिस्बे हा लहान, फिकट आणि पृष्ठभागाला चिकटून राहणारा हार्पॅक्टिकॉइड आहे. उबदार पाण्यात त्याची पिढी एक-दीड आठवड्यात तयार होते. तो खडकांच्या फटींत वस्ती करतो, त्यामुळे टाकीत कायमची पैदास उभी करण्यासाठी तोच सर्वांत उपयोगी. टिग्रिओपस कॅलिफोर्निकस हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खडकाळ डबक्यांतला जीव. उन्हाने डबके तापते, पावसाने पाणी गोडे होते, तरी तो तगतो. तो आकाराने मोठा आणि केशरी असतो, पाण्यात उड्या मारत फिरतो, म्हणून माशाच्या नजरेत चटकन भरतो. त्याची पिढी तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. अपोसायक्लॉप्स या तिसऱ्या प्रकाराची मादी अंड्यांच्या दोन पिशव्या वाहते. हा प्रकार गरम पाणी चांगले सोसतो, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो उपयोगी पडतो.

कोपेपॉडचे महत्त्व केवळ आकारात नाही. सागरी माशांना लागणारी लांब साखळीची मेदाम्ले, म्हणजे डीएचए आणि ईपीए, त्यांच्या शरीरात भरपूर असतात. टिस्बे आणि टिग्रिओपस यांसारखे हार्पॅक्टिकॉइड साध्या मेदाम्लांपासून ही द्रव्ये काही प्रमाणात स्वतःही घडवू शकतात. ही क्षमता माशाच्या बहुतेक इतर खाद्यांत नसते.

टाकीची तयारी

अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर खाल्लेल्यापैकी ढोबळ मानाने एक दशांश भागच पुढच्या पायरीला मिळतो. उरलेले जगण्यात, हालचालीत आणि उत्सर्जनात खर्च होते. एका छोट्या माशामागे कोपेपॉडची मोठी वस्ती आणि त्या वस्तीमागे शैवालाचे त्याहून मोठे प्रमाण का लागते, ते यावरून कळते. म्हणूनच मँडरिनसाठी ३०० लिटरच्या आसपासची, भरपूर सच्छिद्र खडक असलेली आणि किमान वर्षभर चाललेली टाकी हवी, असे अनुभवी मत्स्यपालक सांगतात. लहान टाकीत मासा ठेवता येत नाही असे नाही. पण तिथे खडकांवर विसंबता येत नाही, बाहेरून जिवंत अन्नाचा पुरवठा नेमाने करत राहावा लागतो.

खडकाची निवड विचारपूर्वक करावी. भारताच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ किंवा प्रवाळाचे खडक उचलणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, कारण कठीण सांगाड्याचे प्रवाळ या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोरडा सच्छिद्र खडक घेऊन त्यावर कोपेपॉडची वस्ती वसवणे हा योग्य मार्ग. यात वेळ जातो, परंतु हाच वेळ पुढे माशाच्या कामी येतो.

टाकीला जोडलेली, शिकारी मासे नसलेली वेगळी कोठी, म्हणजे रेफ्युजियम, हा या व्यवस्थेचा कणा आहे. स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर ॲडे यांनी प्रयोगशाळेतील समुद्री परिसंस्थांवर काम करताना शैवालाच्या कोठ्यांचा वापर विकसित केला. त्यांचे आणि कॅरेन लव्हलँड यांचे ‘डायनॅमिक ॲक्वेरिया’ हे पुस्तक १९९१ मध्ये आले, आणि ही पद्धत त्यातून हौशी पालकांपर्यंत पोहोचली. रेफ्युजियममध्ये किटोमॉर्फा हे तारांच्या गुंत्यासारखे वाढणारे शैवाल ठेवतात. त्याच्या गुंतवळ्यात कोपेपॉड लपतात, वाढतात, आणि पाण्याबरोबर थोडे थोडे मुख्य टाकीत वाहून येतात. हे शैवाल नायट्रेट आणि फॉस्फेटही शोषते. रेफ्युजियमचा दिवा मुख्य टाकीचे दिवे मालवल्यावर लावावा. रात्री टाकीतले सर्व सजीव कार्बन डायऑक्साइड सोडत असतात, तेव्हा हे शैवाल तो वापरते आणि पाण्याचा पीएच फार घसरत नाही. शैवाल दाट झाले की काढणी करावी, पण सगळे एकदम काढू नये. काढलेला गुच्छ टाकीच्या पाण्यात हलवून घ्यावा, म्हणजे त्यातले कोपेपॉड परत टाकीत जातात.

काही उपकरणे या वस्तीच्या मुळावर येतात. पाणी गाळणाऱ्या कापडी पिशव्या कोपेपॉड अडकवतात, त्या काढाव्यात किंवा वरचेवर टाकीच्या पाण्यात झटकाव्यात. अतिनील दिवा पाण्यात तरंगणारी पिले मारतो. तांबेयुक्त औषध टाकीत घातले तर कोपेपॉडचा समूळ नाश होतो, म्हणून आजारी माशावर उपचार नेहमी वेगळ्या टाकीत करावेत. सहवासी मासे निवडतानाही हाच विचार हवा. सिक्स-लाइन रॅससारखे मासे दिवसभर हेच अन्न टिपतात आणि मँडरिनपेक्षा कितीतरी चपळ असतात.

शैवालाची लागवड

कोपेपॉडचे मुख्य खाद्य म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शैवाल. नॅनोक्लोरॉप्सिसच्या पेशी दोन-चार मायक्रॉनच्या असतात. ते वाढवायला सोपे आणि ईपीएने समृद्ध, मात्र त्याची पेशीभित्तिका जाड आणि डीएचएचे प्रमाण कमी. आयसोक्रायसिसमध्ये डीएचए भरपूर असते, पण त्याची लागवड नाजूक. टेट्रासेल्मिसच्या पेशी मोठ्या आणि स्वतः पोहणाऱ्या असतात. एकाच जातीवर अवलंबून न राहता दोन जाती मिसळून दिल्यास कोपेपॉडची पैदास जास्त चांगली होते.

यासाठी दोन लिटरच्या स्वच्छ पारदर्शक बाटल्या पुरतात. आरओ पाण्यात समुद्री मीठ मिसळून लिटरला सुमारे २५ ग्रॅम क्षारतेचे पाणी करावे आणि ते उकळून थंड करावे. शैवालाच्या वाढीसाठी लागणारी पोषक द्रव्ये म्हणून एफ/२ हे द्रावण वापरतात. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट गिलार्ड यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेल्या माध्यमातून ते आले आहे. त्यात नायट्रेट, फॉस्फेट, लोह, सूक्ष्म धातू आणि बी-१२, थायमिन, बायोटिन ही जीवनसत्त्वे असतात. द्रावण घातलेल्या पाण्यात आधीच्या बाटलीतले पाव भाग हिरवे पाणी विरजणासारखे मिसळावे. तळापर्यंत पोहोचणारी कडक नळी सोडून हवा द्यावी आणि रोज सुमारे १६ तास एलईडीचा प्रकाश ठेवावा. तापमान २० ते २५ अंश असले तर आठवडा ते दहा दिवसांत पाणी गर्द हिरवे होते. तेव्हा एक भाग पुढच्या बाटलीसाठी काढावा, बाकीचे फ्रिजमध्ये ठेवून रोज एकदा हलवावे. ते साधारण दोन आठवडे वापरता येते.

हिरवे पाणी अचानक फिकट पडून तळाशी गाळ साचला, तर लागवड कोसळली असे समजावे. बहुतेक वेळा कारण असते रोटिफर किंवा इतर सूक्ष्मजीवांचा शिरकाव. म्हणून शैवालाच्या नळ्या, बाटल्या आणि चमचे कोपेपॉडच्या कामाला कधीही वापरू नयेत. शैवालाचे काम आधी आणि कोपेपॉडचे नंतर, हा क्रमही मोडू नये.

कोपेपॉडची बादली

खाद्यपदार्थांसाठी वापरायच्या १० ते २० लिटरच्या प्लास्टिकच्या बादलीत अर्धी पातळी येईल इतके खारे पाणी भरावे. नवे मीठ विरघळवून बनवलेले पाणी एक दिवस हलते ठेवून मगच वापरावे. हवेसाठी एअरस्टोन लावू नये. त्याच्या बारीक बुडबुड्यांत कोपेपॉड अडकून पृष्ठभागावर येतात. उघड्या नळीतून सेकंदाला एक-दोन मोठे बुडबुडे निघतील इतकी हवा पुरते. तापमान २२ ते २८ अंशांत राहावे. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांत ते याहून बरेच वर जाते, तेव्हा बादली घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीवर ठेवावी.

बादलीत कोपेपॉडचे विरजण सोडल्यावर पाणी फिकट हिरवे दिसेल इतकेच शैवाल घालावे. एक-दोन दिवसांत पाणी निवळले की पुन्हा तेवढेच घालावे. पाणी निवळण्याआधी पुन्हा शैवाल घालणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. न खाल्लेले शैवाल कुजते, अमोनिया वाढतो आणि बादलीला वास येऊ लागतो. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी गोड्या आरओ पाण्याने भरून काढावे, नाहीतर क्षारता हळूहळू चढत जाते. ती दर आठवड्याला रिफ्रॅक्टोमीटरने पाहावी.

दोन-तीन आठवड्यांत भिंतींवर कोपेपॉडची गर्दी दिसू लागली की काढणी सुरू करावी. पाणी सुमारे १२० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळल्यास प्रौढ जीव वर अडकतात आणि पिले खाली जातात. पिलेही गोळा करायची असतील तर खाली ५३ मायक्रॉनची दुसरी चाळणी धरावी. एका वेळी पाव भाग, फार तर एक तृतीयांश पाणी गाळावे, बाकीच्याला हात लावू नये. गाळलेल्या पाण्याऐवजी ताजे खारे पाणी घालावे. किमान दोन बादल्या नेहमी चालू असाव्यात. एक कोसळली तर दुसरीतून विरजण घेता येते. दर दोन-तीन महिन्यांनी बादली धुऊन नव्याने सुरू करावी.

काढलेले कोपेपॉड टाकीत सोडण्याची वेळ दिवे मालवल्यानंतरची. दिवसा सोडले तर बाकीचे मासे खडकापर्यंत पोहोचण्याआधीच त्यांचा फडशा पाडतात. पंप अर्धा तास बंद ठेवून नळीने खडकांच्या बुंध्याशी आणि रेफ्युजियममध्ये ते सोडावेत, म्हणजे त्यांना फटींत शिरायला वेळ मिळतो. पंप पुन्हा सुरू करायला मात्र विसरू नये.

आर्टेमियाचे स्थान

आर्टेमिया हे अतिखाऱ्या पाण्यात राहणारे कोळंबीसदृश जीव. त्यांची कोरडी अंडी वर्षानुवर्षे टिकतात आणि पाणी मिळाले की उबतात. बाजारात येणारी बरीचशी अंडी अमेरिकेतील युटाच्या ग्रेट सॉल्ट लेकमधून येतात. भारतात तमिळनाडूतील तुतिकोरिनची मिठागरे, राजस्थानातील सांभर सरोवर आणि मुंबईतील वडाळ्याची मिठागरे येथूनही आर्टेमियाच्या नोंदी आहेत.

अंडी उबवण्यासाठी लिटरला २५ ते ३५ ग्रॅम क्षारतेचे, २८ अंशांच्या आसपासचे पाणी, जोरदार हवा आणि भरपूर प्रकाश लागतो. २४ तासांत बहुतेक पिले बाहेर येतात. हवा बंद करून दहा मिनिटे थांबले की रिकामी टरफले वर तरंगतात आणि पिले उजेडाकडे जमतात. तळाशी उजेड धरून त्यांना नळीने ओढून घ्यावे आणि गोड्या पाण्यात धुऊन मगच द्यावे. नुकत्याच उबलेल्या पिलांत अंड्यातला बलक शिल्लक असतो. पुढच्या आठेक तासांत तो संपू लागतो आणि पोषण घटते. म्हणून पिले ताजीच द्यावीत. उशीर होणार असेल तर त्यांना बारा तास डीएचएयुक्त पोषक द्रवात ठेवून मग द्यावे.

मँडरिन आर्टेमियाची पिले आवडीने खातो, परंतु त्यावर कायम विसंबणे धोक्याचे. त्यात डीएचए मुळातच अत्यल्प असते. शिवाय ही पिले पाण्याच्या मधल्या थरात पोहतात, खडकावर वस्ती करत नाहीत. नव्या माशाला ताकद देण्यासाठी आणि कोपेपॉड कमी पडतील तेव्हाची तूट भरण्यासाठी त्यांचा उपयोग करावा.

गोठवलेल्या अन्नाची सवय

काही मँडरिन गोठवलेले अन्न खायला शिकतात. यासाठी काचेची लहान बरणी आडवी ठेवून तिच्यात नळी सोडतात. बरणीचे तोंड इतके अरुंद असावे की मँडरिन आत जाईल, पण मोठे मासे जाणार नाहीत. आरंभी रोज ठरावीक वेळी आर्टेमियाची जिवंत पिले नळीतून सोडावीत. बरणीत अन्न मिळते हे माशाने ओळखले की पिलांत गोठवलेले सायक्लॉप्स किंवा माशांची अंडी थोडी थोडी मिसळावीत आणि हळूहळू जिवंत अन्नाचे प्रमाण घटवावे. हे काम आठवड्यांचे आहे. मासा तयार अन्न खाऊ लागला तरी कोपेपॉडची पैदास थांबवू नये, कारण बरणीतले दोन-तीन घास दिवसभराच्या टिपण्याची जागा घेऊ शकत नाहीत.

देखरेख

उपासमार ओळखण्यासाठी माशाला वरून आणि बाजूने रोज पाहावे. धष्टपुष्ट मँडरिनचे पोट गोलसर असते. पोट आत ओढलेले, डोक्यामागचा भाग खचलेला आणि डोके शरीरापेक्षा मोठे दिसू लागले, तर मासा अनेक दिवसांपासून अर्धपोटी आहे. अशा वेळी त्याच दिवशी कोपेपॉड आणि पोषण दिलेली आर्टेमिया वाढवावी. फारच खंगलेल्या माशाला लहान, शांत टाकीत वेगळे ठेवून दिवसातून अनेकदा खाऊ घालावे. रंगावर विसंबू नये. कृश मासाही बराच काळ तितकाच झळाळत राहतो.

वीज जाणे हा भारतातला नेहमीचा प्रश्न आहे. टाकीसाठी आणि कोपेपॉडच्या बादल्यांसाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप तयार ठेवावा. काही दिवस घराबाहेर जायचे असेल, तर जाण्याच्या आदल्या रात्री मोठी काढणी टाकीत सोडावी आणि बादल्यांतली संख्या थोडी कमी करून ठेवावी, म्हणजे शैवाल न मिळताही त्या तग धरतात.

मासा विकत घेताना

दुकानात मासा टाकीच्या तळाशी सतत टिपत हिंडताना दिसावा. पोट खपाटीला गेलेला मासा दयेपोटीही घेऊ नये. पिंजारलेले पर, कडेला निपचित बसून राहणे आणि अंगावर जखमा ही वाईट लक्षणे आहेत. शक्य असेल तेव्हा टाकीत जन्मलेला मासा निवडावा. मँडरिनची जोडी संध्याकाळी एकमेकांना चिकटून पाण्यात वर येते आणि अंडी सोडते. ही अंडी तरंगत राहतात आणि साधारण १२ ते १६ तासांत उबतात. या पिलांना वाढवण्याचे तंत्र साधल्यावर २०१० च्या सुमारास अमेरिकेत बंदिस्त पैदाशीचे मँडरिन बाजारात आले. लहानपणापासून तयार अन्नाची सवय लावलेले असल्याने असे मासे जगण्याची शक्यता जास्त असते आणि त्यांच्यापायी प्रवाळखडकावरचा एकही मासा कमी होत नाही. भारतातही केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या विळिंजम केंद्रात शोभेच्या समुद्री माशांसाठी कोपेपॉड वाढवण्यावर काम झाले आहे.

मासा आणण्याआधी सर्व टप्पे क्रमाने पूर्ण झालेले असावेत. शैवालाच्या बाटल्या नियमितपणे हिरव्या होत असाव्यात, दोन बादल्यांतून दर आठवड्याला काढणी मिळत असावी, आणि रात्री टाकीच्या काचेवर व रेफ्युजियममध्ये अंडी वाहणाऱ्या माद्या दिसत असाव्यात. हे चक्र माशाशिवाय निदान दोन-तीन महिने अखंड चालले, तर ते मँडरिनच्या भुकेला पुरेल असे मानायला हरकत नाही.